भाव किती पाडायचा ते गाडीखाली वाकल्यावर कळतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राहायला गोव्यात फोंड्याजवळ, नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, घरात वयस्कर आई-वडील, हाताशी ५ लाख रुपये. म्हापशाच्या एका एजंटाकडे २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक पाहिलीत. ४२,००० किलोमीटर चाललेली, भाव ४,८५,०००. एजंट म्हणतो, "आनिक उणें जावचें ना" (आणखी कमी होणार नाही). किती कमी करून मागावं आणि कसं मागावं, हे तुम्हाला हवं आहे. शिवाय वडिलांना दसऱ्याला गाडी दारात हवी आहे.

फोंड्यात माझं गॅरेज १९९९ पासून आहे. गेली दहा-बारा वर्षं दुरुस्तीइतकंच काम लोकांनी घ्यायच्या ठरवलेल्या जुन्या गाड्या तपासून देण्याचं असतं. महिन्याला आठ-दहा गाड्या बघतो, त्यातल्या निम्म्यांना तरी 'घेऊ नका' म्हणून सांगतो. मी कुठल्या एजंटाकडून कट (कमिशन) घेत नाही, पण या धंद्यात तो दिला जातो. म्हणून एजंटाने सुचवलेल्या मेकॅनिककडे गाडी नेऊ नका. आपल्या ओळखीचा माणूस न्या, त्याच्या वेळेचे हजार-दीड हजार त्याला द्या.

आता मुद्द्यावर. ४,८५,००० चे किती करून घ्यायचे, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, गाडी घेतल्यापासून पहिल्या वर्षात तिच्यात आणखी किती घालावे लागणार? हा आकडा हातात नसला की घासाघीस नुसती तोंडाची होते, आणि तोंडाच्या घासाघिशीत एजंट तुमच्यापेक्षा कधीही सरस. तो दिवसाला चार गिऱ्हाइकं करतो, तुम्ही दहा वर्षांत एक गाडी घेता.

मी ही गाडी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचे आकडे माझ्या गॅरेजच्या अंदाजाचे आहेत. मॉडेल कुठलं, गाडी कुठे उभी राहायची, कोणी चालवली, यावर ते खाली-वर होतील. पण एवढ्या वयाच्या हॅचबॅकमध्ये सहसा हे निघतं: चार टायर १८,०००. क्लच सेट मजुरीसकट ९,०००. बॅटरी ४,५००. सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड ६,५००. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड मिळून ७,०००. आणि विमा साधारण ११,०००, कारण आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही. बेरीज ५६,०००. म्हणजे सगळंच निघालं तर तुमची ४,८५,००० ची गाडी ५,४१,००० ला पडते. तुमचे ५ लाख हे खरं तर ४,४०,००० ते ४,४५,००० च्या गाडीचे पैसे आहेत. हे आज घरी बसून पटलं, तर म्हापशाला जाऊन जीव गुंतणार नाही.

हे ५६,००० सगळे विकणाऱ्याच्या माथी मारता येत नाहीत, तसं करूही नये. जुन्या गाडीचे टायर झिजलेलेच असणार, ते तिच्या भावात धरलेलं असतं. विमा तर तुमचाच खर्च. पण क्लच घसरत असेल, स्टिअरिंग खडखडत असेल, टायर पार गुळगुळीत झाले असतील, तर ते भावातून उतरलंच पाहिजे. मागताना ४५,००० कमी मागा, २५,००० ते ३०,००० उतरले तर व्यवहार रास्त झाला असं धरा. आणि तेवढे उतरूनही हिशेब ५ लाखांच्या वर जात असेल, तर गाडी चांगली असूनही ती तुमची नाही.

आता तपासणी. भाव पाडण्याची खरी जागा ही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी किलोमीटर. २०१९ ची गाडी ४२,००० म्हणजे वर्षाला ६,००० च्या आसपास. गोव्यात हे अशक्य नाही. बाजार, देऊळ, मुलांची शाळा एवढंच करणाऱ्या घरात गाडी तेवढीच फिरते. पण मालक रोज फोंडा-पणजी करणारा असेल, तर एका बाजूला ३० किलोमीटर धरून वर्षाला १५,००० च्या वर जातात, आणि सहा-सात वर्षांत गाडी लाखाच्या पार गेलेली असते. म्हणून पहिला प्रश्न "किती चालली?" नको, "मालक काम काय करायचा, कुठे जायचा?" हा विचारा. एजंटाने उत्तर टाळलं की समजायचं ते समजा.

मग टायर बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४२२ असेल तर टायर २०२२ च्या चौदाव्या आठवड्यात बनला. आता हिशेब करा. वर्षाला ६,००० चालणाऱ्या गाडीचे मूळ टायर तीन वर्षांत, १८,००० किलोमीटरवर कसे संपले? टायर साधारण ४०,००० च्या पुढे जातात. डिकीतल्या स्टेपनीवर २०१९ चा किंवा २०१८ अखेरचा आकडा आणि खालच्या चारांवर २०२२ चा असेल, तर मीटर मागे फिरवल्याचा मला दाट संशय येतो. सोबत ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगवर हात टेकतात तिथली चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघा. मीटर पाच मिनिटांत फिरवता येतो, या तीन जागा कोणी बदलत बसत नाही. गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी नोंद मिळते. ती मालकाला काढून द्यायला सांगा. शेवटच्या सर्व्हिसला मीटर किती होता, हे त्यात छापलेलं असतं.

दुसरं गंज. तुमची गाडी म्हापशाच्या एजंटाकडे आहे, नंबर जीए-०३ असेल, म्हणजे बार्देश तालुक्याची नोंदणी. बार्देशात कळंगुट-कांदोळीही येतात आणि समुद्रापासून लांबची गावंही. जी गाडी वर्षानुवर्षं किनाऱ्याजवळ उघड्यावर उभी राहिली, तिचा रंग वरून चकचकीत आणि पोट कुजलेलं असू शकतं. खारा वारा, वरून चार महिन्यांचा पाऊस. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय व्यवहार करू नका. मी दाराखालच्या पट्टीवर, जॅक लावायच्या जागेवर आणि मागच्या चाकांच्या वर आतून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोकत जातो. चांगला पत्रा टणटण वाजतो. कुजलेल्या किंवा पुट्टी भरलेल्या जागी आवाज बसतो, मूठ जराशी आत गेल्यासारखी वाटते. मग ब्रेकचे पाइप, सायलेन्सरचे सांधे, सस्पेन्शनच्या बोल्टांची डोकी. खाली सगळीकडे ताजा काळा थर मारलेला दिसला तर खूश होऊ नका. विकायच्या आधी आठवडाभर कोणी अंडरकोटिंग का करून घेतं, हे विचारा.

तांबडी माती मात्र घाबरण्याचं कारण नाही. आपल्याकडे ती प्रत्येक गाडीत असते. पण सत्तरी-डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यात ट्रकांच्या मागून रोज फिरलेल्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात, दाराच्या रबरामागे ती कुंकवासारखी बारीक बसलेली असते. त्या गाडीचं सस्पेन्शन आणि इंजिन जास्त लक्ष देऊन बघा.

तिसरं, भाड्याची गाडी. काळ्या पाटीवर पिवळे नंबर म्हणजे पर्यटकांना चालवायला भाड्याने देण्याची गाडी, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही माहीत. परवाना सोडून ती खाजगी करून घेतली की पाटी पांढरी होते आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. पर्यटकांचा हंगाम संपला, एप्रिल-मे आला की अशा गाड्या बाजारात जास्त दिसतात, हा माझा अनुभव. डॅशबोर्डखाली हात घालून बघा. जीपीएस काढल्यावर राहिलेल्या वायरींचे टेप लावलेले तुकडे मला तिथे बऱ्याचदा सापडले आहेत. वाहतूक खात्यात गाडीची जुनी नोंद मागता येते, ती मालकाला काढायला लावा. भाड्याची गाडी घेऊच नये असं नाही, पण शेकडो हातांनी क्लच दाबलेल्या गाडीला घरच्या गाडीचा भाव देऊ नये.

चौथं पाणी. जुलै २०२१ मध्ये आपल्याकडे सत्तरी, डिचोली, बार्देशात पूर आला, त्याच दिवसांत चिपळूण बुडालं. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली. बुडालेली गाडी धुऊन-पुसून शंभर-दोनशे किलोमीटरवर विकायला नेणं काही अवघड नाही. ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो, तिथे गढूळ पाण्याची रेघ राहते. सीटच्या खालच्या लोखंडी पट्ट्या, स्टेपनीचा खड्डा आणि कार्पेट उचलून खालचा फोम बघा. आत जास्तच सुगंध फवारला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बसा. बुरशीचा वास अत्तराखाली फार वेळ लपत नाही.

अपघाताचं थोडक्यात. बोनेट आणि फेंडरच्या (पुढच्या चाकांवरच्या पत्र्याच्या) बोल्टांचा रंग उडालेला असला तर ते खोलले गेले आहेत. काचांवर वर्षाची खूण असते, एखादीची वेगळी निघाली तर का, ते विचारा. बंपर बदलला असेल तर चालतं. पण रेडिएटर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्टीला किंवा आतल्या अॅप्रनला (चाकाच्या वरच्या आतल्या पत्र्याला) हाताने केलेलं वेल्डिंग दिसलं तर मी तिथेच बोनेट बंद करतो.

इंजिन थंड असताना बघायचं. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवली आहे, उद्या सकाळी परत येतो म्हणून सांगा. मेकॅनिककडे स्कॅनर असेल तर फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) पुसल्यापासून गाडी किती चालली तेही दिसतं. तो आकडा वीस-तीस किलोमीटर निघाला तर कोणीतरी कालच काहीतरी पुसलं आहे. तुमची गाडी २०१९ ची, म्हणजे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनलेली नाही आणि पंपावर आता तेच मिळतं. पेट्रोलच्या रबरी नळ्या चिरल्या आहेत का, तेवढं बघून घ्या.

आता मागायचं कसं. गेल्या चतुर्थीआधी शिरोड्याच्या एक शिक्षिका माझ्याकडे गाडी घेऊन आल्या, सोबत एजंट. त्यांना पहिल्या नजरेतच गाडी आवडली होती आणि एजंटाच्या ते लक्षात आलं होतं. मी गाडी लिफ्टवर घेतली आणि त्या दोघांनाही खाली बोलावलं. डाव्या चाकाच्या एक्सलचं रबरी बूट फाटलं होतं, ग्रीस उडून आतल्या पत्र्यावर काळं पसरलेलं. मी बोट लावून एजंटाला दाखवलं. तो म्हणाला, "शेट, हें किरकोळ." मी म्हटलं, "किरकोळ आहे ना, मग तूच करून दे." मग बाईंनी वहीचं पान काढलं. मी एकेक काम सांगत गेलो, त्या समोर रक्कम लिहीत गेल्या. खाली बेरीज मारून पान त्याच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे वजा करून किती ते सांगा, आज टोकन देते." पुढे त्या काही बोलल्या नाहीत. एजंटाने बाहेर जाऊन मालकाला फोन लावला, परत आला तो २८,००० कमी करून. 'तुमचा भाव जास्त आहे' असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

तुम्हीही असंच करा. कितीला घेणार तो आकडा आधी सांगू नका, यादी द्या. रक्कम तयार आहे हे दाखवा, कारण एजंटाला उद्याच्या जास्तीपेक्षा आजचा व्यवहार प्यारा असतो. भावात तो अडला तर दुसरं मागा: चार नवे टायर, हस्तांतराचा खर्च, दुसरी चावी. आणखी एक आधार तुमच्या हातात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकरावरून १८ टक्क्यांवर आला आणि काही नव्या लहान गाड्यांच्या सुरुवातीच्या मॉडेलची शोरूम किंमत ५ लाखांच्या आत आहे. रस्त्यावर येईपर्यंत ती वर जाते, तरी जुन्या गाडीचा भाव तिच्या फार जवळ असू नये. शोरूममधून एक कोटेशन काढून खिशात ठेवा.

कागदांबद्दल मी जास्त कडक आहे, त्याला कारण आहे. २००८ मध्ये मी मेव्हण्यासाठी गाडी घेतली. इंजिन कानाने तपासलं, उत्तम होतं. आरसीवर (नोंदणीच्या दाखल्यावर) एका फायनान्स कंपनीच्या कर्जाची नोंद होती. विकणारा म्हणाला, कर्ज फिटलंय, एनओसी (ना-हरकत पत्र) आठ दिवसांत येईल. मी विश्वास ठेवला. हप्ते थकलेले होते, त्यावर दंड चढलेला होता, आणि पैसे घेतल्यावर तो माणूस फोन उचलेना. सात महिने गाडी मेव्हण्याच्या नावावर झाली नाही आणि शेवटी ३८,००० आम्हीच भरले. बहिणीच्या घरचे पैसे होते, अजून आठवलं की रुखरुख लागते. त्यामुळे आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

बाकी असं. आरसीवरचा चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवून बघा. एमपरिवहन या सरकारी अॅपवर विमा, कर्ज आणि दंडाची चलनं तपासा, थकलेली चलनं मालकाने भरायची. पैसे बँकेतून आणि आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात, एजंटाच्या नव्हे. मालक वारला असेल तर वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी आधी आपल्या नावावर करायची, मग विकायची. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या तुमच्यासमोर व्हायला हव्यात. कित्येक एजंट कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ठेवतात आणि मालकाला तुम्ही कोण हेही माहीत नसतं. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत वाहतूक कार्यालयाला कळवायचं असतं. मालकाला सांगा, यात त्याचाही फायदा आहे: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, गाडी विकून टाकली असली तरी. हे ऐकल्यावर मालक स्वतःच धावपळ करतो. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

कोणी बेळगावची केए-२२ किंवा सिंधुदुर्गची एमएच-०७ स्वस्तात दाखवेल. दिसायला तीस-चाळीस हजार कमी, पण तिथली एनओसी, इथला रस्ता कर आणि नवी नोंदणी धरली की तो फरक बराचसा विरघळतो. रोज वेर्ण्याला जाणाऱ्या माणसाने कचेरीच्या फेऱ्या अंगावर घेऊ नयेत. डिझेलही नको. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, म्हणजे वर्षाला १५,०००, त्याला पेट्रोल पुरे.

राहिला दसरा. दसरा-दिवाळीआधी सगळ्यांनाच गाडी हवी असते आणि एजंटाला ते माहीत असतं. त्याआधीचे म्हाळाचे पंधरा दिवस आपले लोक नवी वस्तू घेत नाहीत, आणि तेव्हाच भाव मऊ असतात. त्या दिवसांत गाडी बघा, तपासा, यादी करा, भाव ठरवून टोकन द्या आणि पावतीवर लिहून घ्या की कागद अपुरे निघाले तर टोकन परत. गाडी ताब्यात दसऱ्याला घ्या. वडिलांचा मुहूर्तही साधेल. फक्त एजंटासमोर "दसऱ्याला हवीच" असं वडिलांना म्हणू देऊ नका. शक्य तर तपासणीला त्यांना नेऊच नका.

आणि ताबा घ्याल तेव्हा तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहिलेल्या कागदावर मालकाची सही घ्या. त्याआधीच्या मिनिटापर्यंतचं चलन त्याचं, नंतरचं तुमचं. तपासणीनंतर यादी इथे टाका, रक्कम जास्त लावली आहे की कमी, ते मी बघून सांगतो.